पाकिटाचा पिवळा कोपरा

जळगावात आमच्यासारख्या येड्यांचा एक मेळा भरतो. महिन्यातल्या एखाद्या रविवारी, एका शाळेच्या हॉलमध्ये. बाकांवर जुने चादरीचे तुकडे अंथरून लोक नाणी मांडतात, पोस्टाची तिकिटं मांडतात. राणीछाप रुपयावरून दोन पोक्त माणसं लहान पोरांसारखी हमरीतुमरीवर येतात. मी बहुतेक वेळा तिथं एकटीच बाई असते. पहिल्यांदा गेले तेव्हा एकाने मला विचारलं, "मिस्टरांचा छंद का?" मी म्हटलं, "मिस्टरांना दूधवाल्याचं बिलही सांभाळता येत नाही, तिकिटं काय सांभाळणार!" तेव्हापासून मला खुर्ची मिळते.

तर मागच्या वर्षी, दिवाळी सरल्यावरचा रविवार होता. एका माणसाकडे एक ट्रे होता, खराब तिकिटांचा. फाटकी, दाते गेलेली, शाई सांडलेली तिकिटं. असा ट्रे दिसला की माझा हात शिवशिवतो. चिवडत बसले होते आणि मधूनच एक पिवळं तिकीट वर आलं. अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू, जुनं, आमच्या लहानपणीचं. त्याच्या अर्ध्या अंगावर हळद. कुण्या लग्नपत्रिकेवरचं असणार. मी ते नाकाशी नेलं. वास कसला येतोय इतक्या वर्षांनी? पण मी नेलं खरं, आणि भर हॉलमध्ये, दहा माणसांच्या देखत माझे डोळे भरून आले.

"ते डाग पडलेलं आहे ताई, त्याला काही किंमत नाही," तो माणूस म्हणाला.

"असू द्या," मी म्हटलं आणि तिकीट परत ट्रेमध्ये ठेवलं. दुसऱ्याच्या घरची हळद मला काय करायची होती? मला पाहिजे होती माझ्या अक्काच्या हातची. आणि तिच्या हातची हळद लागलेलं एकही तिकीट माझ्याकडे नव्हतं. एकेकाळी किती आली होती, अक्षरशः कंटाळा येईपर्यंत.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, म्हणजे बहीण कमी आणि दुसरी आईच जास्त. आमचं माहेर पारोळ्याचं. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. दाजी सुरतेला कापडाच्या मिलमध्ये होते, म्हणून अक्का सुरतेला गेली. तेव्हा आमच्याकडून निम्मा खान्देश सुरतेला जायचा. पण पोटचं माणूस गेल्यावर सुरत फार लांब वाटायची.

तिचं पहिलं पत्र आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी शाळेतून आले तर माय उंबऱ्यात बसलेली, मांडीवर पाकीट. मायला अक्षरओळख नव्हती. आबा मार्केट यार्डात, ते अंधार पडल्यावर येणार. शेजारणीला वाचायला द्यावं तर घरातली गोष्ट गावभर होणार. म्हणून ती बाई सकाळी डाक आल्यापासून पाकीट धरून बसली होती, चूल थंड, तोंडात पाण्याचा थेंब नाही. आमच्या चुलत्यांच्या मरणाची खबर अशीच पत्राने आली होती, तेव्हापासून तिला कागदाचं भ्या बसलेलं. मी पाकीट फोडलं. आत काय होतं? नळाला पाणी चांगलं येतं, शेजारीण गुजराती आहे, खिचडीत गूळ घालते. एवढंच! माय पदरात तोंड घालून रडली आणि मग उठून भाकरी थापायला बसली.

आखाजीला अक्का माहेरी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतातच. झोक्यावर बसल्या बसल्या मी तिला मायची ही गोष्ट हसत हसत सांगितली. अक्का हसली नाही. पुढचं पत्र आलं तेव्हा पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना हळद लावलेली होती, बोटाने, ठसठशीत.

लग्नपत्रिकेला हळद-कुंकू लावतात, ते सगळ्यांना माहीत आहे. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडतात आणि ते कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात, हेही जुन्या माणसांना माहीत आहे. पण नळाला पाणी येतं आणि खिचडीत गूळ असतो, असल्या पत्राला कोणी हळद लावत नाही. अक्का लावायची. माय पोस्टमनच्या हातातच कोपरा बघायची. "पिवयं शे ना? मंग बठ्ठं बरं शे," म्हणायची, पाकीट देवाजवळ ठेवायची आणि निवांत कामाला लागायची. मी संध्याकाळी वाचलं तरी तिला चालायचं. आमच्या अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं, आणि हळदीला हयद म्हणतात. मायला वाचता येणारं ते एकच अक्षर होतं.

आता माझी बाजू ऐका. मला तेव्हा तिकिटांचं वेड लागलेलं. आमच्या शाळेतल्या बाईंनी एकदा त्यांची वही दाखवली आणि माझं डोकं फिरलं. मी गावभर पाकिटं मागत हिंडायची. दुकानदार, तलाठी, दवाखान्यातला कंपाउंडर, कुणालाच सोडलं नाही. पण पारोळ्यात येऊन येऊन कोणती तिकिटं येणार? सुरतेच्या पोस्टात नवी नवी तिकिटं मिळायची. अक्काला मी बजावून ठेवलं होतं, छापील पाकीट घ्यायचं नाही, साधं घे आणि वर तिकीट चिकटव, दर वेळी वेगळं. ती बिचारी पोस्टातल्या माणसाशी हुज्जत घालून वेगळं तिकीट मिळवायची. आणि तिकीट कुठं लावतात? उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात. आणि हळद कुठं? त्याच कोपऱ्यात! एकेक सुंदर तिकीट घरी यायचं ते नवरीसारखं पिवळंधमक होऊन. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पुढच्या आखाजीला मी तिच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, "अक्का, तीनच कोपऱ्यांना लाव ना. तिकीट सोड की!"

"तीन कोपरास्ले हयद लावतस का कधी कोनी?" अक्का म्हणाली.

"मग लावूच नको!"

"कोरं पाकीट धाडू? मायना जीव दारमाच जाई."

मी पाय आपटत आत गेले. थोड्या वेळाने तीच माझ्या मागे आली आणि मी तिकिटं कशी काढते ते बघत बसली. आमची पितळी परात होती, तिच्यात पाणी घालून मी पाकिटाचा कोपरा कापून भिजत टाकायची. तिकीट हळूहळू सुटून वर तरंगायचं. खाली पाकिटाचा तेवढाच चौकोन कोराकरकरीत राहायचा, ना धूळ, ना डाग. अक्काला त्याची फार मजा वाटायची. त्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "इतली जागा डाकवालालेबी माहीत नही. तुलेच माहीत." आणि दोघी हसलो. माझं भांडण तिथंच विरघळलं, हट्ट मात्र विरघळला नाही.

हळद काढायची म्हणून मी कपड्याचा साबण लावून पाहिला. हळद जाईल कशाला, लालभडक झाली! दोन चांगली तिकिटं वाया गेली. मग मायनेच एकदा सहज सांगितलं, हळदीचा डाग उन्हात जातो. झालं. आमच्याकडे उन्हाला काय तोटा? मायचे पापड वाळत पडायचे त्याच घरावरच्या धाब्यावर मी ओली तिकिटं पसरू लागले, वर काचेचा तुकडा. पारोळ्याचं ऊन ते! चार दिवसांत पिवळेपणाचा मागमूस राहायचा नाही. माझी वही चकाचक. पुढं धुळ्याला शिकायला गेले, तिथं कॉलेजच्या प्रदर्शनात त्या वहीला बक्षीससुद्धा मिळालं. परीक्षकांनी शेरा मारला, तिकिटं अतिशय स्वच्छ आहेत. मी केवढी फुगले होते!

आज ती वही उघडते तेव्हा सुरतेची तिकिटं कोणती आणि कंपाउंडरकडून आणलेली कोणती, ते मला ओळखता येत नाही. शिक्के अर्धे पुसट, तारखा अर्ध्या कापलेल्या. ट्रॅक्टर आहे, कापसाची बोंडं आहेत, अंड्यातलं पिल्लू आहे. सगळी गोरीगोमटी, परक्यासारखी. त्या मेळ्यावरून घरी आले त्या संध्याकाळी भिंग घेऊन बसले. एकेक तिकीट दिव्याखाली धरून पाहिलं, कुठं दात्यात, कडेला, मागच्या बाजूला पिवळं राहिलंय का. कुठंच नाही. उन्हाने आपलं काम चोख केलं होतं.

पाकिटं म्हणाल तर ती चुलीत गेली. माय गेली. सुरतेची मिल बंद पडल्यावर दाजी आणि अक्का परत आले आणि नरडाण्याजवळच्या त्यांच्या गावी राहिले. तोवर फोन आले होते. ती नरडाण्याला, मी लग्न होऊन जळगावला, गाडीने सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचावं एवढंच अंतर. त्यामुळे पत्रं थांबली, आणि जवळ आलोय म्हणून भेटीही कमी झाल्या. लांब होतो तेव्हा आखाजी चुकत नव्हती. आता "येऊ गं कधीतरी" असं दोघीही म्हणतो. मग दाजीही गेले, तीन वर्षं होतील आता.

म्हणून मी हट्टाला पेटले. अक्का पंच्याहत्तरीला टेकली आहे, मीही काही कोवळी नाही. तिच्या हातची हळद लागलेलं एक तिकीट मला पाहिजेच होतं, आणि तिचे हात चालताहेत तोवर पाहिजे होतं. फोन केला.

"अक्का, माले एक पाकीट धाड. पोस्टाचं."

"कसाले? फोन शे ना हातमा."

"माले तुनी हयद पाहिजे. पहिले लावायची तशी."

ती म्हणाली, "येडी व्हयनी का? आते मना हात चालस का हयदले?"

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला आणि जीभ चावली. दाजी गेल्यापासून अक्काने हळदी-कुंकवाला हात लावलेला नाही. कुणी सांगितलं नाही तिला, की सगळ्यांनीच न सांगता सांगितलं, कोण जाणे. गावात लग्न असलं की ही मागच्या रांगेत. नातवाच्या हळदीला हिने दळलं, चाळलं, वाटीत काढून दिली, आणि लावायची वेळ आली तेव्हा ही भांडी घासत बसली. मी पाहिलंय ते. त्या दिवशीही चडफडले होते आणि पाहुण्यांच्या देखत गप्प राहिले होते.

आता मात्र माझं तोंड सुटलं. म्हटलं, ज्या बोटाने आयुष्यभर आमच्या मायला धीर दिला, ते बोट आज अशुभ कसं झालं? कुणी ठरवलं? मी काय तुझ्या हळदीने मरणार आहे? अक्काने सगळं ऐकून घेतलं. तिची ही जुनी सवय, समोरच्याला दमेपर्यंत बोलू द्यायचं. मग म्हणाली, "तुना घरमा लेकरंबाळं शेतस, जावई शे. शुभना कागदले मना हात नको. तू माले बाकी काहीबी मांग."

"बाकी काही नको!" मी फोन आपटला. हल्लीचे फोन धड आपटताही येत नाहीत.

पण मी एवढ्यावर थांबणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी एक कोरं पाकीट घेतलं, त्यावर माझाच पत्ता लिहिला, आत एक पाच रुपयांचं तिकीट सुटं ठेवलं, आणि ते पाकीट मोठ्या पाकिटात घालून तिला धाडलं. सोबत चिठ्ठी: तिकीट तू चिकटव, हळद तू लाव, नाहीतर मी नरडाण्याला येऊन तुझ्या ओट्यावर बसते. पाच रुपयांसाठीसुद्धा आमच्या पोस्टातल्या पोरीने तीन ड्रॉवर उघडले. आता सगळं स्टिकरवर चालतं म्हणाली, तिकीट कोण घेतं आजी. आजी म्हणाली म्हणून राग आला, पण तिकीट मिळालं म्हणून गिळला.

मग वाट बघणं सुरू झालं. फोनवर आम्ही रोजच्यासारख्या बोलायचो. मेथी, गुडघे, नातवंडं. पाकिटाचा विषय ती काढायची नाही आणि मानी असल्यामुळे मीही काढायची नाही. संक्रांत आली. माझ्याकडे हळदी-कुंकू झालं, सोसायटीतल्या बायका नटूनथटून आल्या, मी हळदीची कोयरी घेऊन एकेकीच्या कपाळाला बोट लावत होते आणि एकदम हात जड झाला. कोयरीत एवढी हळद! वाटीभर सांडली असती तरी कुणाला पडलेली नव्हती. आणि तिकडं माझी बहीण एका बोटाला महाग. बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. आमचे हे आले, म्हणाले काय झालं. म्हटलं, काही नाही, कांदा. कांदा कुठं दिसत नव्हता, पण इतक्या वर्षांच्या संसारात काय विचारू नये ते त्यांना कळतं.

होळीच्या आधी एका दुपारी खालून वॉचमनने हाक मारली, टपाल आहे. मी जिन्यात गेले. त्याच्या हातात पाकीट, माझ्याच अक्षरातला पत्ता. नजर आपोआप कोपऱ्यावर गेली. कोरा. दुसरा कोपरा, तोही कोरा. चारही कोरे.

खरंच सांगते, मला सगळं माहीत होतं, आदल्या दिवशी तिच्याशी बोलले होते, तरी तिचंच काही बरंवाईट झालं असं वाटलं. जिन्याच्या पायरीवर बसले, मांडीवर पाकीट. माय अशीच बसली होती. एवढ्या वर्षांनी मला मायची ती सकाळ कळली, आणि कोरं पाकीट धाडायचं नाही म्हणून सुरतेत बसून हळदीत बोट बुडवणारी अक्काही कळली. वर येऊन पाकीट फोडलं. आत वहीचा फाटका कागद, अक्काचं गोल गोल, सातवी पास अक्षर: "तू सांगितलं म्हणून तिकीट चिकटवलं. आता भांडू नको. गुडघ्याला एरंडेल लाव."

मला इतका राग आला म्हणून सांगू! पाकीट फ्रीजवर फेकलं आणि दिवसभर तिकडं पाहिलंही नाही. अक्कावर राग, तिच्या गावावर राग, आणि संक्रांतीच्या सगळ्या बायकांवर राग. मला उगीच वाटत होतं की ती माझ्यासाठी तरी ऐकेल.

सकाळी चहा झाल्यावर राग जरा निवला. हाताला सवय असते, ती गप्प बसत नाही. तिकीट तर अक्कानेच चिकटवलेलं होतं, हळद नसली म्हणून काय, टाकून कसं देणार? कोपरा कापला. शिक्का छान उमटला होता, नरडाणा अगदी स्वच्छ वाचता येत होतं. तिकीट कणकेच्या खळीने चिकटवलेलं, कडेकडेने, जाड. स्टीलच्या ताटलीत पाणी घेतलं, तुकडा बुडवला आणि भाजी निवडायला बसले.

थोड्या वेळाने बघते तर ताटलीतलं पाणी पिवळं.

मला आधी कळेचना. वाटलं, ताटली नीट घासलेली नाही. मग तिकीट सुटून हळूच बाजूला सरकलं आणि खाली तो चौकोन दिसला, पाकिटाचा तेवढाच, कुणाला माहीत नसलेला. त्याच्या मधोमध अक्काचं बोट. हळदीचं, ठसठशीत, रेघांसकट.

हात तसेच ओले, मी फोन लावला. तिने उचलला आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "काढं का तिकीट?"

मी नुसतं हुं केलं.

"पानी पिवयं व्हयनं व्हई ना मंग," अक्का म्हणाली. "कोनले सांगू नको वं बाई."

"नाही सांगत," मी म्हटलं. तिच्याकडे कुणाचीतरी मोटारसायकल गेली ती ऐकू आली.

तिकीट मी पाण्यातून काढून वर्तमानपत्रावर ठेवलं, आणि तो कागदाचा चौकोनही त्याच्या शेजारी. बाल्कनीत ऊन चांगलंच आलं होतं. मी उठून पडदा ओढून घेतला.